गाडीवर रंगीत दिवा: परवानगी कोणाला, अर्ज कोणी करायचा, कागदपत्रे कोणती

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. खासगी गाडीवर लाल, निळा किंवा लुकलुकणारा रंगीत दिवा लावण्यासाठी कोणताही अर्ज नाही. डॉक्टर, वकील, पत्रकार, सरपंच, आमदार यांपैकी कोणालाही पदामुळे असा दिवा मिळत नाही. 'परवानगी काढून देतो' म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर देऊ नका.

पूर्वी केंद्र आणि राज्य सरकारे ठराविक पदांसाठी लाल दिवा मंजूर करत. १ मे २०१७ पासून ती तरतूदच केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १०८ मधून काढून टाकली आहे. पंतप्रधानांच्या गाडीलाही आता पदाचा दिवा नाही. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे दिवा माणसाचा न राहता कामाचा झाला.

लाल, निळा आणि पांढरा असा बहुरंगी दिवा चालतो तो आणीबाणीच्या कामासाठी नेमलेल्या गाड्यांना: अग्निशमन दल, कायदा-सुव्यवस्थेसाठी पोलीस, संरक्षण व निमलष्करी दले, आणि भूकंप, पूर, दरड, चक्रीवादळ अशा आपत्तींचे व्यवस्थापन. इथे परवानगी मागायची ती विभागाने, चालकाने किंवा अधिकाऱ्याने स्वतःच्या नावावर नव्हे. राज्याचा परिवहन विभाग ती देतो, काचेवर लावायचे स्टिकर देतो आणि परवानगी मिळालेल्यांची यादी दरवर्षी जाहीर करतो. गाडी त्या कामावर नसेल तेव्हा दिवा बंद ठेवायचा.

सामान्य माणसाचा किंवा संस्थेचा खरा संबंध येतो तो रुग्णवाहिकेशी. रुग्ण नेणाऱ्या गाडीच्या दिव्याला नियम १०८ मध्येच वेगळी मुभा आहे. मात्र त्यासाठी आरसी बुकावर 'रुग्णवाहिका' अशी नोंद हवी. घरच्या व्हॅनमध्ये स्ट्रेचर टाकला म्हणून ती रुग्णवाहिका होत नाही. नव्या गाडीसाठी आरटीओकडे नमुना २० मधला नोंदणी अर्ज, नमुना २१ चे विक्री प्रमाणपत्र, नमुना २२ चे रस्तायोग्यता प्रमाणपत्र (बॉडी वेगळी बांधली असेल तर २२-अ), विमा, पत्त्याचा पुरावा आणि पॅन लागते. गाडी ट्रस्टच्या नावावर घेत असाल तर ट्रस्टची नोंदणी कागदपत्रेही जोडा. बॉडी वेगळी बांधली असेल तर फिटनेस तपासणीही होते. परमिट मात्र लागत नाही: मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ मधून केवळ रुग्णवाहिका म्हणून वापरल्या जाणाऱ्या गाडीला सूट आहे.

बाकी गाड्यांसाठी नियम साधा आहे. पुढे लाल प्रकाश दिसता कामा नये. मागे लालच हवा, अपवाद इंडिकेटर, नंबरप्लेटचा दिवा आणि रिव्हर्सचा पांढरा. बाजारात मिळणाऱ्या निळ्या-लाल फ्लॅशर पट्ट्या यात बसत नाहीत. कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा सापडल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड होतो. रक्कम लहान वाटेल, पण असे खोटे दिवे वाढले की लोक खऱ्या रुग्णवाहिकेलाही बाजू देईनासे होतात, आणि तिथे जीव जातो. वाट अडवणाऱ्याला कलम १९४-ई खाली १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते.

जुनी रुग्णवाहिका घरच्या वापरासाठी विकत घेतली असेल, तर आधी दिवा आणि सायरन उतरवा, मग आरटीओकडून गाडीचा वर्ग बदलून घ्या.