गाजर गवत

गाजर गवत म्हणजेच काँग्रेस गवत, काही ठिकाणी चटक चांदणी किंवा पांढरफुली. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. मूळचं मेक्सिको आणि आसपासच्या उष्ण अमेरिकेतलं. नावात गवत असलं तरी हे गवत नाहीच, सूर्यफुलाच्या कुळातलं झाड आहे, आणि ही गोष्ट पुढे फवारणीच्या वेळी कामाला येते.

पुण्यात १९५५ मध्ये याची नोंद झाली आणि तिथून ते देशभर पसरलं. पीएल ४८० च्या, म्हणजे अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली आलेल्या गव्हातून आलं असं सर्रास सांगतात, पण भारताचा तो करार ऑगस्ट १९५६ चा, म्हणजे झाड त्याच्या आधीच इथं होतं. अमेरिकेचा गहू मात्र १९५१ मध्येही आला होता, त्यामुळे गव्हाची गोष्ट अगदीच उडवून लावता येत नाही.

ओळखायला लहानपणीच शिकायला पाहिजे, म्हणजे झाडाच्या लहानपणी. तेव्हा पानं गाजरासारखी कातरलेली आणि जमिनीला चिकटून गोल पसरलेली असतात, मग मधून खोड सरळ वर येतं, त्यावर उभ्या रेषा आणि बारीक लव. उंची मीटर-दीड मीटर. फूल बोटाच्या टोकावर मावेल एवढं, पांढरं, नीट बघितलं तर पाच कोपरे दिसतात, चटक चांदणी नाव त्यावरूनच पडलं असावं. उगवल्यापासून महिनाभरात फुलायला लागतं आणि एका झाडाला १५ ते २५ हजार बिया येतात, त्या वाऱ्यानं, पाण्यानं, गाडीच्या चाकाला चिकटलेल्या चिखलातून कुठंही जातात.

त्रास फक्त पिकाला नाही. यातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्यामुळे अंगाला खाज, पापण्या सुजणं, मान आणि कोपराच्या घडीत चट्टे असं होतं, परागकणांनी शिंका आणि दमा. एकदा ॲलर्जी बसली की नुसतं झाडाजवळून गेलं तरी त्रास होतो, म्हणून उपटायला पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे आणि तोंडाला फडकं पाहिजेच. जनावरांनी खाल्लं तर दूध कडू लागतं.

उपटायचं ते फुलं यायच्या आधी, ओल असताना, मुळासकट. बी धरलेलं झाड ओढत नेलं तर बी वाटभर सांडतं, म्हणजे आपणच पेरणी केली. नुसतं कापलं तर बुडातून परत फुटतं. बिगर फुलाच्या झाडांचं कंपोस्ट चांगलं होतं.

पडीक जागेत पावसाआधी टाकळ्याचं बी फेकून ठेवतात, तो दाट वाढून याला दाबतो. मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये बंगळूरला सोडला, पांढरट अंगावर तपकिरी रेघा, जेमतेम ६ मिलिमीटर, पण त्याच्या अळ्या कोवळे शेंडे आणि कळ्या खाऊन झाडाचा नुसता सांगाडा ठेवतात. सूर्यफुलावर दिसला म्हणून मध्ये वाद झाला होता, तपासणीत पिकाला धोका नाही असं निघालं. तो पावसाळ्यात खातो आणि थंडीत मातीत शिरून बसतो, त्यामुळे हिवाळ्यातल्या झाडांचं काम आपल्यालाच करावं लागतं.

तणनाशकांपैकी २,४-डी रुंद पानाच्या झाडांना मारतं आणि खरं गवत सोडतं, म्हणून गवताळ जागेत ते चालतं. ग्लायफोसेट सगळंच हिरवं जाळतं, ते फक्त पडीक जागेत. मिठाच्या पाण्यानंही पानं करपतात, पण जमीन खारट होते, शेतात अजिबात नको. मातीत गाडलेलं बी कित्येक वर्षं जिवंत राहतं, त्यामुळे एक वर्ष साफ केलेल्या जागेतही पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी परत फेरी मारावी लागते.