रुग्ण परदेशी उपचार कसे निवडतात : संख्याशास्त्रीय पद्धती

उपचारासाठी दुसऱ्या देशात जाणारा पेशंट देश, हॉस्पिटल, डॉक्टर कशावरून ठरवतो हे आकड्यांत पकडायच्या या पद्धती. कोल्हापुरात हा प्रश्न लहान आकारात रोज दिसतो, गावात सीपीआर हे मोठं सरकारी हॉस्पिटल असूनही माणसं मिरज, बेळगाव, पुणे गाठतात आणि का म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "तिथला डॉक्टर चांगला आहे." बँकॉकला जाणारा किंवा आखातातून मुंबईला येणारा पेशंटही हेच सांगतो. म्हणून 'कशाला किती महत्त्व, १ ते ५ मध्ये सांगा' असं विचारून फार काही हाती लागत नाही, सगळ्यालाच ५ मिळतात.

त्यापेक्षा निवडच करायला लावायची. याला डिस्क्रीट चॉइस एक्सपेरिमेंट म्हणतात, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची पद्धत हीच. समजा गुडघा बदलायचाय. एका कार्डावर बँकॉक, ९ लाख, आठवड्यात ऑपरेशन, दुसऱ्यावर पुणे, ४ लाख, दोन महिने थांबायचं, आणि तिसरा पर्याय 'कुठंच जात नाही', हा ठेवायलाच हवा. असे आकडे बदलत आठ-दहा कार्डं दाखवली की माणूस कशासाठी काय सोडतो ते कळतं. हिशेब लॉजिट मॉडेलनं होतो, म्हणजे खर्च, थांबणं अशा गोष्टींवरून एखादा पर्याय निवडला जाण्याची शक्यता काढणारं सूत्र, निवडीच्या अभ्यासासाठी ते अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी १९७४ साली मांडलं. समजा एक आठवडा थांबण्याचा गुणांक, म्हणजे त्यानं पर्यायाची ओढ किती वाढते-घटते तो आकडा, उणे ०.२ आला आणि दर लाख खर्चाचा उणे ०.४, तर एक आठवडा वाचवायला माणूस ५० हजार मोजायला तयार आहे असा अर्थ.

पण साध्या लॉजिटमध्ये एक खोट आहे. निम्मे पुण्याला, निम्मे बँकॉकला जात असतील आणि बँकॉकात तसंच दुसरं हॉस्पिटल आलं, तर मॉडेल तिघांना सारखा तिसरा हिस्सा देतं, खरं तर पुण्याचे निम्मे तसेच राहून बँकॉकचेच दोन वाटे व्हायला हवेत. त्यावर सारख्या पर्यायांचा गट करणारं नेस्टेड लॉजिट किंवा माणसागणिक आवड वेगळी धरणारं मिक्स्ड लॉजिट वापरतात.

देशादेशांतला पेशंटचा एकूण ओघ बघायला ग्रॅव्हिटी मॉडेल असतं, गुरुत्वाकर्षणासारखं, देश मोठे तर ओघ जास्त, अंतर जास्त तर कमी असं धरणारं, १९६२ साली अर्थशास्त्रज्ञ यान टिनबर्गन यांनी व्यापारासाठी वापरलेलं. अंतर, भाषा, व्हिसा, विमानसेवा यात बसतं. हे मॉडेल सहसा आकड्यांचा लॉग (लॉगॅरिदम) घेऊन सोडवतात, पण बऱ्याच देशांच्या जोड्यांत पेशंट शून्यच, आणि शून्याचा लॉग निघत नाही, म्हणून शून्यही चालणारं प्वासाँ रिग्रेशन घेतात.

सगळ्यात मोठी चूक मात्र नमुन्यात होते. परदेशातल्या हॉस्पिटलात जाऊन फॉर्म भरून घेतले तर पोचलेलेच भेटतात, व्हिसा न मिळालेले, पैसे न जमलेले, घरातल्यांनी नको म्हटलेले भेटतच नाहीत. मॅकफॅडन यांच्यासोबत २००० सालचं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले जेम्स हेकमन यांचं काम नेमकं या नमुना-निवडीच्या पूर्वग्रहावर (सिलेक्शन बायस) आहे. आपल्याकडं तर पेशंटच्या हातात कार्ड दिलं तरी तो पहिल्यांदा मुलाकडं बघतो, "तूच सांग रे", म्हणून कार्ड कुणी भरलं याची नोंद फॉर्मवर वेगळी घ्यावी लागते.