पार्श्वभूमी : लसीतील वनस्पतिजन्य ॲडज्युव्हंट आणि पुण्यातील चाचण्या

पुण्यात वनस्पतिजन्य ॲडज्युव्हंटचा, म्हणजे लसीचा परिणाम वाढवणाऱ्या साहाय्यक द्रव्याचा, विषय निघाला की दोन निराळ्या गोष्टी एकाच नावाने बोलल्या जातात. लसीच्या कुपीतच प्रतिजनासोबत (ज्या घटकाविरुद्ध शरीर प्रतिकार उभा करते त्यासोबत) मोजून मिसळलेले शुद्ध द्रव्य ही पहिली, आणि लसीकरणाच्या काळात तोंडाने दिलेला वनस्पतीचा अर्क ही दुसरी.

पहिलीचा आरंभ १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये झाला. घोड्यांना टॉक्सॉइड (निष्प्रभ केलेले जंतुविष) टोचताना त्यात टॅपिओका, पावाचा चुरा किंवा सॅपोनिन (वनस्पतींतील फेसाळणारे द्रव्य) मिसळले तर प्रतिविष अधिक मिळते, असे तेथे दिसून आले. १९२६ मध्ये ॲल्युमिनियमचे क्षार पुढे आले आणि माणसांच्या लसींत पुढची सुमारे सत्तर वर्षे त्यांचेच राज्य राहिले.

पुण्यातील ज्या कामाचा वारंवार उल्लेख होतो, ते २००४ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्रिगुणी लस (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील) टोचलेल्या प्राण्यांना शतावरीचा पाण्यातील अर्क, शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १०० मिलिग्रॅम या प्रमाणात, पंधरा दिवस तोंडाने देण्यात आला. अश्वगंधेवरही असेच काम झाले. त्यानंतर प्राण्यांना डांग्या खोकल्याच्या जिवंत जंतूंचा सामना करायला लावला गेला. या लसीच्या क्षमतेची जी प्रमाणित चाचणी आहे, तिच्यात जंतू उंदराच्या थेट मेंदूत टोचतात आणि चौदा दिवस मृत्यूंची नोंद ठेवतात. पहिल्या तीन दिवसांतील मृत्यू सुईच्या इजेने झालेले असू शकतात, म्हणून ते हिशेबातून वगळतात. संपूर्ण पेशींची (डांग्या खोकल्याचे मारलेले अख्खे जंतू असलेली) त्रिगुणी लस तयार करणाऱ्या शहरात अशी चाचणी नित्याचीच असल्याने नव्या अर्काची परीक्षा येथे व्हावी, हे स्वाभाविक होते. अर्क दिलेल्या गटात प्रतिपिंडांचे प्रमाण वाढलेले आणि मृत्यू कमी झालेले आढळले.

वाद उभा राहिला तो या परिणामाला ‘ॲडज्युव्हंट’ म्हणण्याच्या निर्णयावरून. बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे असे की, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच ‘साहाय्य करणे’ असा आहे, आणि मोजलेला परिणामही तोच आहे. आक्षेप घेणाऱ्यांच्या मते, ॲडज्युव्हंट टोचल्या जागी प्रतिजनाच्या सान्निध्यात काम करतो, आणि नियामकही त्याला स्वतंत्र परवाना न देता संपूर्ण लसीचा घटक म्हणूनच तपासतात. पंधरा दिवसांचा अर्क या चौकटीत बसत नाही. काहींनी यावर ‘अनुपान’ हा शब्द सुचवून पाहिला, पण अनुपान म्हणजे औषध ज्यासोबत घ्यायचे ते मध, तूप किंवा कोमट पाणी, आणि लस तर सुईने दिली जाते. रोज ठरावीक मात्रेत, काही काळ सलग घ्यायचे ते ‘रसायन’. शतावरी आणि अश्वगंधा यांची गणना मुळातच त्यांत होते. आक्षेप घेणाऱ्यांचा मुद्दा येथे अधिक वजनदार वाटतो, कारण शब्द सैल ठेवला की चाचणीही सैल होते.

याचे एक उदाहरण एन्डोटॉक्सिनचे, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातील विषारी द्रव्याचे, आहे. जमिनीतून उपटलेल्या मुळांच्या अर्कात जिवाणूंचे अवशेष येतात आणि ते स्वतःच प्रतिकारयंत्रणेला जोरदार चेतवतात. तोंडाने दिलेल्या अर्कात हे काहीसे खपून जाते. मात्र तोच अर्क लसीत मिसळून टोचायचा ठरवला, तर वाढलेली प्रतिपिंडे शतावरीची की मातीतल्या जंतूंची, हे आधी सिद्ध करावे लागते. एन्डोटॉक्सिनसाठी नेहमी वापरली जाणारी हॉर्सशू खेकड्याच्या रक्तावर आधारित चाचणीही वनस्पतींमधील काही ग्लुकॅनांमुळे (शर्करांच्या साखळ्यांमुळे) फसते.

सॅपोनिनची अडचण वेगळी होती. रिठा पाण्यात चोळला की जो फेस येतो, तो सॅपोनिनचाच. तांबड्या पेशींच्या गढूळ द्रावणात पुरेसे सॅपोनिन पडले की पेशी फुटतात आणि नळीतले द्रावण पारदर्शक लाल होते. टोचायच्या द्रव्यासाठी ही खूण वाईटच. १९७४ मध्ये चिलीतील क्विलाया वृक्षाच्या सालीतून शुद्ध केलेले सॅपोनिन जनावरांच्या लसींसाठी पुढे आले. १९९१ च्या सुमारास त्यातील क्यूएस-२१ हा अंश वेगळा करण्यात आला. कोलेस्टेरॉलसोबत बांधले की त्याचा विघातक गुण बराच आवरतो, हे लक्षात आल्यावर माणसांच्या लसींचा मार्ग मोकळा झाला. २०१७ मध्ये नागीण या आजारावरील लसीला परवानगी मिळाली, तिच्या एका मात्रेत ५० मायक्रोग्रॅम क्यूएस-२१ असते.

त्यानंतर पुण्याचे नाव या कथेत पुन्हा आले, परंतु शतावरीच्या संदर्भात नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये येथे तयार होणाऱ्या, क्विलायाच्या सॅपोनिनपासून बनवलेला मॅट्रिक्स-एम हा ॲडज्युव्हंट असलेल्या कोविड लसीला आपत्कालीन मान्यता मिळाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये हाच ॲडज्युव्हंट असलेल्या, येथेच तयार होणाऱ्या मलेरियाच्या लसीची जागतिक पातळीवर शिफारस झाली; तिच्या एका मात्रेत ५ मायक्रोग्रॅम प्रतिजन आणि ५० मायक्रोग्रॅम मॅट्रिक्स-एम असते. सालीवरचे अवलंबित्व कमी करण्यासाठी २०२४ मध्ये यीस्टच्या पेशींत क्यूएस-२१ तयार करून दाखवण्यात आले. दरम्यान कोविडकाळात कोव्हिशील्डच्या जोडीने अश्वगंधा देण्याच्या चाचणीचा आराखडाही प्रसिद्ध झाला. तीत अश्वगंधा लसीच्या कुपीत नव्हे, तर तोंडानेच द्यायची होती.