घनकचरा नियोजन, पुणे शहर

शहरात मुळात कचरा कमी कसा निघेल, निघालेल्यापैकी किती पुन्हा वापरात जाईल आणि उरलेल्याची विल्हेवाट कुठे लावायची, याची महापालिकेने केलेली आखणी. ७४ व्या घटनादुरुस्तीने घनकचरा व्यवस्थापन बाराव्या अनुसूचीत घालून ते नागरी स्वराज्य संस्थांच्या कामांत मोजले. पर्यावरण कार्यकर्त्या अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेतून देशभराचे नियम २००० मध्ये आले आणि २०१६ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. पुण्याची गोष्ट मात्र नियमांच्या आधी सुरू होते, आणि ती महापालिकेच्या कार्यालयात सुरू होत नाही.

शहरातील कागद, काच, पत्रा कचऱ्यातून निवडून भंगारवाल्याकडे नेणाऱ्या वेचकांनी १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली. बाबा आढाव यांचे नेतृत्व आणि एसएनडीटी विद्यापीठातील कार्यकर्त्यांची साथ तिला लाभली. सदस्यांत बहुतेक दलित समाजातील स्त्रिया. पहिली मोठी मागणी होती ओळखपत्राची, कारण पाठीवर पोते दिसले की चोर समजून हटकले जाई. महापालिकेने ओळखपत्रांना मान्यता दिली आणि पुढे वैद्यकीय विम्याचा हप्ताही उचलला. याला उपकार म्हणणे चूक ठरेल. वेचक जेवढा माल बाजूला काढतात तेवढा वाहून नेण्याचा आणि जिरवण्याचा पालिकेचा खर्च वाचतो, हा हिशेब संघटनेने पालिकेपुढे मांडला होता.

याच संघटनेतून वेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. २००८ मध्ये महापालिकेशी तिचा दारोदार कचरा गोळा करण्याचा पाच वर्षांचा करार झाला. साधने आणि व्यवस्थापनाचा खर्च पालिकेचा. वेचकाची कमाई घरटी मिळणाऱ्या मासिक शुल्कातून आणि सुक्या मालाच्या विक्रीतून. ओला कचरा पालिकेच्या गाडीत जातो, सुका वर्गीकरणाच्या शेडमध्ये. खरे पुनर्चक्रण या शेडमध्ये घडते. ‘सुका कचरा’ म्हणून एका पिशवीत आलेल्या ढिगातून पांढरा कागद, रद्दी आणि पुठ्ठा वेगळे होतात. पेट बाटलीचे टोपण काढले जाते, कारण ते दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकचे असते. धुतलेल्या दूधपिशवीला भाव मिळतो. दही लागून वास मारणारी पडून राहते. वेफर्सच्या चकचकीत वेष्टनांना भंगारवाला हातही लावत नाही. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, ही ‘स्वच्छ’ची मोहीम याच शेडमधून आली. पुडक्यात काय आहे हे न उघडता कळावे, एवढीच त्यामागची मागणी.

नियोजनाची गाठ पैशांशी बसते. वाहतुकीचा ठेकेदार टनावर पैसे घेत असेल, तर कचरा कमी होण्यात त्याचे नुकसान असते आणि ओले-सुके एकत्र झाले की वजन वाढते. वेचकाचे पोट नेमके उलट, वेगळे करण्यावर चालते. एकाच शहरात दोन्ही व्यवस्था नांदत असल्याने पुण्यात कराराच्या मुदतवाढीचा वाद पुन्हा पुन्हा उद्भवतो, आणि प्रत्येक वेळी ‘सगळे काम ठेक्याने द्या’ ही सूचना डोके वर काढते.

ज्याचे काहीच होत नाही ते कुठे जाते? आधी ते कोथरूडला जाई. त्या जुन्या कचरा डेपोच्या जागेवर आज मेट्रोचा डेपो आहे. नंतर उरुळी देवाची आणि फुरसुंगी. विहिरींचे पाणी नासले, डेपोला आगी लागल्या आणि ग्रामस्थांनी वेळोवेळी गाड्या अडवल्या. गाड्या अडल्या की दोन-चार दिवसांत शहरातील पेट्या ओसंडत. पुण्याला वर्गीकरणाचे महत्त्व पटवण्यात या आंदोलनांचा वाटा कोणत्याही जनजागृती मोहिमेपेक्षा मोठा आहे. पुढे उघड्यावर कचरा टाकणे बंद करून साचलेल्या ढिगाचे बायोमायनिंग, म्हणजे खोदून चाळून वेगळे करणे, हाती घेण्यात आले.

ओला कचरा जागच्या जागी जिरवावा म्हणून महापालिकेने नव्या मोठ्या गृहसंकुलांना खतप्रकल्प बंधनकारक केला, तो चालवणाऱ्यांना मिळकतकरात सवलत दिली आणि शहरात छोटे बायोगॅस प्रकल्प उभारले. कागदावर ही सर्वांत शहाणी तरतूद. प्रत्यक्षात बांधकाम परवानगीपुरता खड्डा बांधून पुढे त्यावर दुचाक्या लावणाऱ्या सोसायट्या कमी नाहीत, आणि बायोगॅस प्रकल्पांपैकी काही क्षमतेपेक्षा बरेच कमी चालतात. मिसळलेला कचरा आत गेला की यंत्र अडते. दिवसाला १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या आस्थापनांवर २०१६ च्या नियमांनी स्वतंत्र जबाबदारी टाकली. वेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या, असेही याच नियमांनी सांगितले. पुण्याने ते आठ वर्षे आधी केले होते.

राज्यातील दुसरे उदाहरण सिंधुदुर्गातील वेंगुर्ल्याचे. तिथे नगरपरिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घरातच वर्गीकरण सक्तीचे केले, ओल्यापासून बायोगॅस केला, प्लास्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात वापरले आणि कचरा डेपोची जागा लोक पाहायला येतील अशी केली. छोट्या गावात मुख्याधिकारी स्वतः दारोदार जाऊ शकतो. पुण्यासारख्या शहरात ते काम वेचकाकडेच येते.