बहात्तराव्या कॉलमनंतर

महापे किंवा ऐरोलीच्या आयटी पार्कात पायथन ही संगणकभाषा लिहिणाऱ्या नव्या मुलांना कोडची ओळ 79 अक्षरांत संपवायला सांगतात; पडदा कितीही रुंद असो. 80च्या आतली ही मर्यादा पुठ्ठ्यातून आली. आयबीएमने 1928 साली 80 कॉलमचं पंच कार्ड, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदवायचं पुठ्ठ्याचं कार्ड आणलं, पुढे टर्मिनलच्या, म्हणजे संगणकाला जोडलेल्या पडद्यांनी तीच रुंदी उचलली.

कार्ड 7⅜ इंच लांब, 3¼ इंच उंच. त्यावर आडव्या 12 ओळी: वरून 12, 11, 0 आणि मग 1 ते 9. एका उभ्या कॉलमात एक अक्षर. अंकाला एक भोक, रोमन अक्षराला दोन. 'ठाणे' रोमनमध्ये पंच करायचं तर पाच कॉलम लागतात: टीला 0 आणि 3, एचला 12 आणि 8, एला 12 आणि 1, एनला 11 आणि 5, ईला 12 आणि 5. जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर पट्टीने चौकट आखून मुलांकडून हे करून घ्या, सांकेतिक लिपी म्हणजे काय ते लगेच उमगतं.

एका कार्डावर प्रोग्रामची एक ओळ बसे. 1957 साली आलेल्या फोरट्रान या संगणकभाषेने या कार्डाचे कप्पे पाडले. 1 ते 5 मध्ये ओळीचा क्रमांक, 6 मध्ये 'मागची ओळ पुढे चालू' अशी खूण, 7 ते 72 मध्ये खरी आज्ञा. मग 72लाच का थांबायचं? आयबीएम 704 हा संगणक एका वेळी 36 बिटांचा (0 किंवा 1 अशा 36 खुणांचा) गट, म्हणजे एक 'शब्द' हाताळायचा आणि त्याचा कार्डवाचक प्रत्येक आडवी ओळ दोन शब्दांत घ्यायचा. दोन छत्तीस बहात्तर! उरलेले आठ कॉलम यंत्राला दिसतच नसत. त्यामुळे 73व्या कॉलमात गेलेलं अक्षर गुपचूप गळायचं. 1250 मधलं शून्य तिथे पडलं तर संगणक 125 धरून बिनतक्रार उत्तर द्यायचा. अशी चूक शोधणं फार अवघड, कारण कार्डावर छापलेली ओळ डोळ्यांना बरोबरच दिसते.

त्या मोकळ्या कॉलमांत अनुक्रमांक घालत, तोही दहा-दहाच्या अंतराने, म्हणजे मध्ये नवं कार्ड घुसवता येई. गठ्ठा हातातून सुटला की सॉर्टर, म्हणजे कार्डं क्रमाने लावणारं यंत्र कामाला येई. ते एका फेरीत एकच कॉलम पाहतं. सुरुवात एककापासून, म्हणजे 80व्या कॉलमापासून करायची, मग 79, 78 असं डावीकडे सरकायचं. प्रत्येक फेरीत आधीचा क्रम टिकतो, म्हणून शेवटी सगळं जुळतं. उलट, हजारापासून सुरू केलं तर पुढची प्रत्येक फेरी आधीची मेहनत मोडते. सॉर्टर नसेल तर गठ्ठ्याच्या कडेवर पेनाने आधीच मारलेली तिरकी रेघ उपयोगी पडे. रेघ तुटली तिथे कार्ड चुकलं.

आपल्याकडच्या पावसाळ्यासारखी दमट हवा या कार्डांना मानवत नाही. कागद ओल शोषून फुगतो, कडा वळतात आणि वाचकयंत्रात कार्ड अडकतं. म्हणून गठ्ठा आत ठेवण्याआधी पत्त्यांसारखा फुलवायचा, चिकटलेली कार्डं सुटी करायची आणि मग चारही कडा टेबलावर ठोकून सरळ करायच्या.