नात्तो

नात्तो हा सोयाबीन आंबवून केलेला जपानी पदार्थ. तपकिरी बुळबुळीत दाणे, चॉपस्टिकने उचलले की कोळिष्टकासारख्या तारा लोंबतात, आणि वास असा की पहिल्यांदा खाणारा बहुतेक डबा परत बंद करून ठेवतो. जपानमध्ये मात्र हा साधा सकाळचा नाश्ता आहे, गरम भातावर घालून खातात.

सोयाबीन, शक्यतो बारीक दाण्याचं, रात्रभर भिजवून बोटाने चिरडेल इतकं वाफवायचं, गरम असतानाच बॅसिलस सबटिलिस या बॅक्टेरियाचं विरजण लावून साधारण ४० डिग्रीला एक दिवस ठेवायचं, मग थंडीत मुरवायचं, झालं. मिसो (सोयाबीन आंबवून केलेली खारट पेस्ट) किंवा सोया सॉससारखं मिठात महिनोन्‌महिने ठेवायची भानगड नाही, मीठ पडतच नाही.

पूर्वी विरजण वेगळं नसायचंच, ते भाताच्या पेंढ्यातून यायचं. पेंढा उकळत्या पाण्यातून काढला की बाकीचे जंतू मरतात पण या बॅक्टेरियाचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत, त्यामुळे त्या पेंढ्याच्या पुडीत गरम दाणे भरले की सगळं रान यांनाच मोकळं. अकराव्या शतकातल्या मिनामोतो नो योशिइए या सरदाराच्या घोड्यांसाठी उकडलेलं सोयाबीन पेंढ्यात बांधलं आणि त्याचं नात्तो झालं अशी दंतकथा सांगतात. पण पेंढा आणि गरम दाणे जिथे एकत्र आले तिथे हे आपोआप होणारच, त्याला सरदार कशाला लागतो! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सावामुरा या जपानी संशोधकांनी हा बॅक्टेरिया वेगळा काढला, नंतर होक्काइदो विद्यापीठाच्या हानझावा जुन यांनी शुद्ध विरजणाची पद्धत बसवली आणि पेंढा मागे पडला.

तारा सुटतात त्या मुख्यतः पॉलिग्लुटामिक ॲसिड या चिकट पदार्थामुळे, तो हा बॅक्टेरियाच तयार करतो. खाण्याआधी भरपूर घोटायचं, मग सोया सॉसचा रस, मोहरीची पेस्ट, कांद्याची पात, कोणी वरून कच्चं अंडंही घालतं. इबाराकी प्रांतातलं मितो शहर नात्तोसाठी प्रसिद्ध, ओसाकाकडे मात्र नाकं मुरडणारे जास्त. साके ही तांदळाची दारू बनवणारे कारागीर हंगामात नात्तोला शिवत नाहीत, कारण हा बॅक्टेरिया कोजीत, म्हणजे साकेसाठी तांदळावर वाढवलेल्या बुरशीत, शिरला तर कोजी बिघडते.

व्हिटॅमिन के-२ यात प्रचंड असतं, आणि त्याने रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिन या औषधाचा परिणाम कमी होतो, म्हणून ते घेणाऱ्यांना डॉक्टर नात्तो बंद करायला सांगतात. नात्तोकायनेज हे यातलं एन्झाइम, रक्ताच्या गुठळ्यांवरचा उपाय म्हणून विकलं जाणारं, त्याच्या गोळ्यांच्या जाहिराती जरा जास्तच बोलतात असं माझं मत.

कोरियाचं चोंगगुकजांग आणि थायलंडचं थुआ नाओ ही याचीच भावंडं. भारतातही आहेत, सिक्कीम-दार्जिलिंगचं किनेमा, नागालँडचं अखुनी, मणिपूरचं हवाइजार, मेघालयचं तुंगरिंबाई, फक्त तिकडे बहुतेक वेळा ते परतून किंवा रश्श्यात शिजवून खातात, अखुनी तर धुरावलेल्या डुकराच्या मटणात.