बल्ब नव्हे, आधी डिपरचा पॉइंट बघा

हेडलाइटचा उजेड मंद वाटू लागला की बहुतेक जण सरळ दुकान गाठतात आणि जास्त वॉटचा बल्ब मागतात. ६०/५५ चा काढायचा आणि १००/९० चा बसवायचा. काही दिवस रस्ता लख्ख दिसतो. मग एका रात्री घाटात समोरून ट्रक येतो, आपण डिपर मारतो आणि दोन्ही दिवे क्षणभर विझतात, किंवा स्टीअरिंगखालून जळक्या प्लास्टिकचा वास येतो. यावर 'बल्ब खराब निघाला' असं म्हणून आणखी एक बल्ब आणला जातो. जुन्या बांधणीच्या गाड्यांत दोष पुष्कळदा बल्बमध्ये नसतोच. तो असतो स्टीअरिंग कॉलमवरच्या कॉम्बिनेशन स्विचमध्ये, म्हणजे दिवे लावायच्या दांडीच्या स्विचमध्ये, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढ्या जागेत.

एच-४ बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात. अप्परचं, म्हणजे लांबवर जाणाऱ्या झोताचं, ६० वॉटचं आणि डिपरचं, म्हणजे खाली झुकलेल्या झोताचं, ५५ वॉटचं. डिपरच्या फिलामेंटखाली धातूची इवलीशी वाटी असते. रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर आपटून वर, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा प्रकाश ती अडवते. दोन्ही बाजूंचे मिळून ११० वॉट झाले. १२ व्होल्टने भागलं की ९ अँपिअरच्या वर करंट येतो. ज्या गाड्यांत हेडलाइटला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही, तिथे हा सगळा करंट तुमच्या बोटाखालच्या दांडीत असलेल्या दोन पॉइंटमधून, म्हणजे एकमेकांवर टेकणाऱ्या धातूच्या दोन ठिपक्यांमधून जातो.

आता तिथे अर्धा-एक व्होल्ट खर्ची पडला, तर काय मोठंसं बिघडलं? पुष्कळ बिघडतं. फिलामेंटच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज १० टक्के घटलं की प्रकाश सुमारे ३० टक्के घटतो. म्हणजे साडेतेरा व्होल्टऐवजी बल्बला बारा-सव्वाबारा मिळाले, तरी रस्ता ओळखू येईनासा होतो. बल्ब मात्र ठणठणीत असतो.

यापुढचा भाग मला सगळ्यात प्रिय आहे. तो थोडा सावकाश वाचा.

स्विचमध्ये चांदीचे दोन पॉइंट एकमेकांवर दाबले जातात. बघायला ते गुळगुळीत असतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा पृष्ठभाग फणसाच्या सालीसारखा काटेरी दिसतो. दोन फणस एकमेकांना टेकवले तर ते फक्त काही काट्यांच्या टोकांवर टेकतील. पॉइंटचंही तसंच आहे. दाबाने ती टोकं चेपतात आणि भार पेलण्याइतकं क्षेत्रफळ तयार झालं की चेपणं थांबतं. त्यामुळे खरं स्पर्शक्षेत्र म्हणजे स्प्रिंगचं बल भागिले धातूचा कठीणपणा. स्प्रिंगचं बल १ न्यूटन, म्हणजे साधारण १०० ग्रॅम वजनाएवढं, आणि चांदीचा कठीणपणा दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटनच्या आसपास धरला, तर उत्तर येतं ०.००२ चौरस मिलिमीटर. हे जवळपास माणसाच्या केसाच्या छेदाएवढं आहे. पॉइंट डाळीएवढा असो की बटणाएवढा, स्प्रिंग तीच असेल तर खरा स्पर्श एवढाच राहतो. पॉइंट मोठा म्हणजे स्विच दणकट, हा समज इथेच मोडतो.

नऊ अँपिअर वीज या केसाएवढ्या जागेतून आखडून जाते. आखडल्यामुळे जो विरोध तयार होतो तो, एकच गोल ठिपका धरला तर, धातूची रोधकता भागिले ठिपक्याचा व्यास एवढा असतो. स्वच्छ चांदीसाठी तो ओहमच्या हजाराव्या भागाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा भरतो, म्हणजे नगण्यच. पण स्प्रिंग उष्णतेने ढिली पडून तिचं बल चौथाईवर आलं, तर हा विरोध दुप्पट होतो. वर काजळी, सल्फाइडचा थर आणि करपलेलं ग्रीस असेल, तर तो अनेक पटींनी वाढतो.

हा ठिपका तापतो किती? हे मोजायला तिथे थर्मामीटर घालता येणार नाही, पण त्याची गरजही नाही. धातूत वीज आणि उष्णता मुख्यत्वे तेच इलेक्ट्रॉन वाहून नेतात, म्हणून दोन्हींच्या वहनक्षमतांचं प्रमाण ठरलेलं असतं. विडेमान आणि फ्रांझ या जर्मन शास्त्रज्ञांनी हे १८५३ मध्ये दाखवलं. कोलराउश या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९०० च्या सुमारास त्यावरून एक विलक्षण निष्कर्ष काढला. ठिपक्याचं कमाल तापमान त्याच्या आकारावर किंवा करंटवर स्वतंत्रपणे अवलंबून नसतं, ते फक्त त्याच्या दोन बाजूंमधल्या व्होल्टेजवर ठरतं. कारण जी वाट विजेला अरुंद आहे, तीच उष्णतेला बाहेर पडायलाही तितकीच अरुंद आहे. म्हणून चांदीचा ठिपका सुमारे ०.०९ व्होल्टला मऊ पडतो आणि सुमारे ०.३७ व्होल्टला वितळतो. तांब्यासाठी हेच आकडे ०.१२ आणि ०.४३ आहेत. चांदी ९६२ अंशांना वितळते. तेवढं तापमान बारा व्होल्टच्या गाडीत, तिसऱ्या हिश्शाच्या व्होल्टने, प्लास्टिकच्या दांडीच्या आत तयार होऊ शकतं!

मऊ पडण्यात एक सोयही आहे. धातू मऊ झाला की आणखी चेपतो, क्षेत्रफळ वाढतं, व्होल्टेज उतरतं आणि ठिपका थंड होतो. स्वच्छ पॉइंट असा स्वतःला सावरतो. स्प्रिंग मेली असेल किंवा प्लास्टिक वितळून पॉइंट तिरका झाला असेल, तर ही सोय संपते.

डिपर मारताना पॉइंट सुटतात तेव्हा स्पर्शक्षेत्र शून्याकडे जातं, म्हणजे व्होल्टेज ०.३७ ओलांडणारच. दरवेळी शेवटचा ठिपका वितळतो, द्रव चांदीचा पूल बनतो, तो तुटतो आणि मागोमाग आर्क, म्हणजे हवेतून विजेची सलग ठिणगी, उडू शकतो. चांदीच्या पॉइंटमध्ये आर्क टिकायला किमान १२ व्होल्टच्या आसपास आणि सुमारे ०.४ अँपिअर लागतात. इंजिन चालू असताना गाडीत साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट असतात, म्हणजे आर्कला जेमतेम पुरेसे. घरातल्या एसी विजेत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून आर्क आपोआप विझतो आणि धातूची देवाणघेवाण दोन्ही दिशांनी होते. गाडीत डीसी असल्याने धातू एकाच दिशेने सरकत राहतो. एका पॉइंटवर खड्डा पडतो, समोरच्यावर टेंगूळ येतं. जोडताना तर आणखी वाईट होतं. गार फिलामेंटचा विरोध तापलेल्याच्या साधारण दहावा हिस्सा असतो, त्यामुळे पहिल्या काही मिलिसेकंदांत करंट कित्येक पटींनी उसळतो, आणि पॉइंट आपटून थरथरतात तेही नेमके याच मिलिसेकंदांत.

आता १००/९० चा बल्ब आठवा. डिपरचा करंट ९ वरून १५ अँपिअरवर गेला. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे तोच विरोध आता सुमारे पावणेतीनपट तापतो. मंद प्रकाशाचं मूळ असलेल्या आजारी पॉइंटवर आपण स्वतःहून हे ओझं टाकतो. वर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. 'प्लाझ्मा', 'सुपर व्हाइट' अशी नावं छापलेल्या निळसर बल्बांचीही तीच गत. काचेवरचा निळा थर प्रकाश गाळतो, वाढवत नाही. आणि दिवे वारंवार जातात म्हणून बंपरला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना मी अगदी मनापासून सांगतो, नजर लागलेली नाही, पॉइंट जळलाय. मल्टिमीटर घ्या, पाच मिनिटांत दिसेल.

मल्टिमीटर ओहमवर लावू नका. तो जेमतेम काही मिलिअँपिअर सोडतो आणि त्याच्या स्वतःच्या वायरींचा विरोधच आपण शोधतो त्यापेक्षा जास्त असतो. तो डीसी व्होल्टवर ठेवा, डिपर चालू करा आणि एक टोक स्विचमध्ये येणाऱ्या वायरच्या टर्मिनलला, दुसरं बाहेर जाणाऱ्याला लावा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर स्विच निर्दोष. ०.३ च्या वर गेलं तर उघडायला हवा. यात टर्मिनल आणि झाळकामही मोजलं जातं, म्हणून आधी कनेक्टर तपासा. तपकिरी किंवा काळा पडलेला असेल तर निम्मा दोष तिथेच सापडतो.

उघडण्याआधी बॅटरीचा मायनस काढा. स्टीअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर हे काम घरी करू नका, चाक काढणं जाणकाराकडेच सोपवा. एअरबॅग नसेल तर कॉलमचं कव्हर काढून स्विच सोडवा आणि तो फडक्याखाली धरून उघडा, कारण आतली बारीक गोळी आणि स्प्रिंग हमखास उडतात. काजळी फडक्याने पुसा आणि टेंगूळ १००० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच उतरवा. कानस लावू नका, चांदीचा थर पातळ असतो, एकदा गेला की खालचं तांबं उघडं पडतं आणि त्याचा ऑक्साइड वीज नीट वाहू देत नाही. पॉइंट ज्यावर बसवलेला असतो ती पत्ती बोटाने दाबून बघा. दबून परत येत नसेल, किंवा प्लास्टिक वितळलं असेल, तर स्विच नवाच घ्या. स्प्रेचा फवारा मारून मेलेली स्प्रिंग जिवंत होत नाही.

नव्या स्विचलाही तेच भोगायला लावायचं नसेल तर रिले बसवा. अप्परला एक आणि डिपरला एक. बॅटरीजवळ फ्यूज घालून जाड वायर रिलेच्या ३० नंबरच्या टोकाला द्या, ८७ वरून बल्बला न्या, आणि जुन्या स्विचची वायर फक्त रिलेच्या आतल्या कॉइलच्या (वेटोळ्याच्या) एका टोकाला, ८६ ला, जोडून दुसरं टोक, ८५, अर्थला द्या. कॉइल ०.१५ ते ०.२ अँपिअर घेते. आर्क टिकायला लागणाऱ्या ०.४ अँपिअरपेक्षा हा करंट कमी आहे. त्यामुळे डिपरच्या पॉइंटवर आर्क टिकायला वावच उरत नाही, आणि बल्बला बॅटरीचं जवळपास पूर्ण व्होल्टेज मिळतं. जपानी बांधणीच्या काही गाड्यांत बल्बला प्लस कायम असतो आणि स्विच अर्थची बाजू जोडतो. तिथे कॉइल प्लस आणि स्विच यांच्यामध्ये घ्यावी लागते, म्हणून वायर कापण्याआधी मीटरने खात्री करून घ्या. काम झाल्यावर दिवे लावून बॅटरीच्या टोकांवर आणि बल्बच्या सॉकेटवर व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत आला की तोच ५५ वॉटचा बल्ब पुन्हा लावा आणि बीमची उंची भिंतीवर तपासून घ्या.